कडुलिंबापासून दुप्पट

औरंगाबाद,
१८ मार्च १९८४

ती. दाजींना बद्रीनाथचा साष्टांग नमस्कार.

आक्काचे पत्र मिळाले. आशाचे लग्न अक्षय्य तृतीयेला ठरले, स्थळ सिल्लोडचे, मुलगा एसटीच्या वर्कशॉपात आहे, हे वाचून फार आनंद झाला. भाचीचे लग्न म्हटल्यावर मामाला काही काम हवेच. मागच्या साली गावातल्या एका लग्नात तुमच्या देखरेखीखाली घातलेला मांडव मी पाहिला आहे. त्याचा एक कोपरा गोठ्यात शिरला होता, दुसरा उकिरड्याकडे निघाला होता आणि नवरदेव सरळ उभा राहिला तरी तिरका दिसत होता. या वेळचा मांडव मी इथे बसून घालणार आहे.

सोबत आलेखाचा कागद पाठवतो. भिऊ नका. अंगणाच्या कोपऱ्यात तुमचा कडुलिंब आहे, तो शून्य. त्याला पाठ टेकून उभे राहा. पहिला आकडा उगवतीकडे किती बांबू जायचे ते सांगतो, दुसरा आकडा तिथून विहिरीकडे किती बांबू जायचे ते सांगतो. कागदावरची एक चौकट म्हणजे जमिनीवर एक बांबू. मांडवाचे चार कोपरे असे: (२, २), (६, २), (६, ५) आणि (२, ५). बोहले (५, ४) वर. दोरी धरा, खुंट्या ठोका, झाले. या आकड्यांना निर्देशक म्हणतात. नववीची मुले हे करतात, तुम्हालाही जमेल. एकच विनंती, माझ्या आकड्यांत स्वतःची अक्कल घालू नका.

आणखी एक. आशाने मला निराळे पत्र लिहिले आहे. तिला दागिना नको, शालू नको, फकिरा काका मांडवात हवा आहे. काका नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही, असे लिहिते. मुलगी तुमच्यावर गेली आहे, म्हणजे बोलली तसे करणार. सख्खे भाऊ तुम्ही, एका कुंपणाच्या दोन बाजूंना राहता. अक्षत घेऊन जायला गाडी लागत नाही. जा.

आपला,
बद्रीनाथ


बोरदरी, ता. कन्नड,
२९ मार्च

मास्तर, अनेक आशीर्वाद.

कागद मिळाला. तुमच्या आक्कानं तो आधी देवापुढं ठेवला आणि हळदकुंकू लावलं, त्यामुळं एक कोपरा पिवळा झाला आहे, पण आकडे दिसतात. कडुलिंबाला पाठ टेकून उभा राहिलो. चार माणसं ओट्यावर येऊन बसलीच. पुंजाराम म्हणाला, "कडूबा, उनात असा काऊन उभा हायस? काई बाधलं का?" मी म्हणालो, "मी शून्यावर हाये." तो म्हणाला, "ते आमाला कवाचं ठावं हाये."

खुंट्या ठोकल्या. मांडव बरोबर आला, चारी कोपरे नीट. कबूल करतो.

फकिराचा विषय मात्र सोडा. सहा वर्षांमागं पोळ्याला त्यानं वेशीत माझ्या बैलाच्या पुढं आपला बैल घुसवला. मान थोरल्याचा, आणि थोरला मी. बैलांना काही वाटलं नाही, ते एकमेकांना चाटत उभे होते. आम्ही भावांनी बाभळीच्या काट्या आणून एका अंगणाची दोन अंगणं केली. त्या दिवशी साऱ्या गावासमोर तो म्हणाला, "तू अक्षत घेऊन आला तरी म्या दार उघडणार नाय." आता मी अक्षत घेऊन जायचं आणि बंद दार बघून माघारी यायचं, हे या वयात माझ्यानं व्हायचं नाही. त्यानं आधी यावं. तो येत नाही. कडुलिंब वाटणीत माझ्याकडं आला, तरी संध्याकाळी त्याची सावली फकिराकडंच जाते, तेही मी चालवून घेतो. आशा जेवताना माझ्याकडं बघत नाही. जेवतेही थोडंच.

दुसरी अडचण. सिल्लोडच्या व्याह्यांनी निरोप धाडला आहे की माणसं पुष्कळ येणार. मांडव लांबीलाही दुप्पट पाहिजे आणि रुंदीलाही. कसं करायचं ते कळवा.

तुमचा,
कडूबा


औरंगाबाद,
४ एप्रिल

ती. दाजींना सा. नमस्कार.

यात अडचण कसली? प्रत्येक आकडा दुप्पट करा. दोनाचे चार, सहाचे बारा, पाचाचे दहा. नवे कोपरे (४, ४), (१२, ४), (१२, १०), (४, १०). बोहले (१०, ८). बाजू दुप्पट होतात, कोन जसेच्या तसे राहतात, आकृती तीच राहते, फक्त मोठी होते. परीक्षेआधी नववीची उजळणी चालू आहे, तीत हाच भाग आहे. काल फळ्यावर मुद्दाम तुमचा मांडव काढला. एका मुलीने विचारले, "सर, पण कुठून मोठा करायचा?" मी म्हणालो, शंका तास संपल्यावर विचार. हल्लीच्या मुलांना मधे बोलायची फार खोड.

तुम्ही मात्र शंका काढू नका. खाली मान घाला आणि मोजा, बाकी काही बघू नका.

फकिराअप्पाकडे गेलात का? नसाल तर आशाची समजूत तुम्हीच घाला, मला ते जमणार नाही. तिच्या दुसऱ्या पत्रात तेच एक वाक्य आहे आणि खाली रेघ मारली आहे.

आपला,
बद्रीनाथ


बोरदरी,
१९ एप्रिल

मास्तर, अनेक आशीर्वाद.

तुमच्या शब्दाबाहेर गेलो नाही. आकडे दुप्पट केले, खाली मान घातली, मोजलं. जोशीबुवांना पुढं सवड नाही, म्हणून परवाच चांगला दिवस बघून मुहूर्तमेढ रोवली. बुवा म्हणाले ईशान्येचा कोपरा, म्हणजे तुमचा बारा-दहा. सवाष्णींनी खांबाला हळदकुंकू लावलं, आंब्याचे टहाळे बांधले, नारळ फोडला. खोबरं गोड निघालं.

एक तक्रार आहे. बांबू दुप्पट आणले, ते चारी बाजूंना बरोबर पुरले. कापडही दुप्पट आणलं आणि अंथरून बघितलं, तर ते निम्म्यावरच संपलं. उरलेल्या निम्म्या मांडवात ऊन. कापडवाला शपथ घेऊन सांगतो की मापात मारलं नाही. मग तुमच्या गणितात कुठं कापड गडप होतं ते बघा.

आक्काची कंबर आता बरी आहे. गाय व्याली, कालवड झाली. ऊस कारखान्याला गेला. बारा-दहा हा कोपरा फकिराच्या अंगणात गेला. आमची हद्द नऊ बांबूंवर संपते, त्यामुळं मधल्या काट्या काढून बाजूला ठेवल्या. बोहलंही तिकडंच येतं, त्याच्या तुळशीच्या अलीकडं. तो आणि द्वारकाबाई लेकीकडं वैजापूरला गेली आहेत. ऊन फार आहे, जपून राहा.

तुमचा,
कडूबा


औरंगाबाद,
२१ एप्रिल

दाजी,

नमस्कार सावकाश. हे पत्र कन्नड गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे, पोस्टाची वाट बघण्याइतका दम मला नाही.

कालवड आणि ऊस यांच्या मागे दडवून तुम्ही लिहिता की माझ्या भाचीच्या लग्नाचा खांब फकिराअप्पाच्या अंगणात उभा आहे. तुम्हाला काट्या दिसल्या नाहीत?

चूक माझी आहे. आकडे दुप्पट केले की आकृती नुसती मोठी होत नाही, ती कडुलिंबापासून दूरही सरकते, कारण आपण मोजले कडुलिंबापासून. दोन बांबूंवरचा कोपरा चारावर गेला, सहावरचा बारावर गेला. जागचा हलला नाही तो एकटा कडुलिंब. त्याऐवजी मांडवाच्या मधोमध खुंटी ठोकून तिथून दुप्पट केले असते, तर मांडव चारी बाजूंना सारखा पसरला असता आणि तुमच्याच अंगणात बसला असता. खरे आकडे हे घ्या. पहिला कोपरा कडुलिंबापासून विहिरीकडे अर्ध्या बांबूवर. दुसरा त्याच्या समोर, उगवतीकडे आठ बांबूंवर. उरलेले दोन याच दोघांच्या रेषेत, विहिरीकडे साडेसहावर. सगळे नवाच्या आत.

कापडाचेही ऐका. लांबी दुप्पट आणि रुंदी दुप्पट केली की जागा चौपट होते. बारा चौकटींचा मांडव अठ्ठेचाळीस चौकटींचा झाला. कापड चौपट हवे होते. कापडवाल्याची माफी मागा. ज्या मुलीने कुठून मोठा करायचा असे विचारले, तिला मी उद्या फळ्यापाशी उभी करणार आहे आणि स्वतः तिच्या बाकावर बसणार आहे.

आता एवढेच करा. खांब उपटा आणि फकिराअप्पा परत यायच्या आत काट्या होत्या तशा लावा. जो माणूस बैलावरून सहा वर्षे बोलला नाही, त्याने दारात खांब पाहिला तर काय करील सांगता येत नाही. काका लग्नाला येण्याची थोडीफार आशा होती, ती मी दुप्पट करायच्या नादात घालवली. आशाला तोंड कसे दाखवू तेच समजत नाही.

बद्रीनाथ


बोरदरी,
२४ एप्रिल

मास्तर, अनेक आशीर्वाद.

कंडक्टर बिचारा गाडी फाट्यावर थांबवून घरापर्यंत आला. आक्कानं त्याला चहा दिला, तो गरम होता म्हणून बशीत ओतून प्यायला. तेवढा वेळ सगळी गाडी तुमच्या नावानं बोटं मोडत होती.

मुहूर्तमेढ उपटा म्हणता. गणित शिकता शिकता घरची रीत विसरलात का? नारळ फुटला, सवाष्णींचे हात लागले. आता लग्न लागून मांडव उतरेपर्यंत त्या खांबाला कुणी हात लावायचा नसतो. तरी जोशीबुवांना विचारून आलो. ते म्हणाले, "खांब हलायचा नाही, कडूबा. जागा हलवता येत असेल तर बघा."

म्हणजे खांब हलत नाही, कडुलिंब हलत नाही, आणि माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. फकिरा उद्याच्या गाडीनं येतोय.

तुमचा,
कडूबा

बद्री, हे मी लिहिते आहे. यांना मी म्हटलं होतं, आधी भावाला विचारा. तर म्हणाले, मास्तरनं बाकी काही बघू नका असं लिहिलंय. असं कशाला लिहायचं रे? मला रात्रीची झोप नाही. आशा मात्र आज पोटभर जेवली आणि वर भाकरी मागून घेतली. या पोरीला कसलं सुख झालंय ते मला कळत नाही. — आक्का


बोरदरी,
२७ एप्रिल

मास्तरांना फकिराचा रामराम.

हे सांगतात, मी द्वारका लिहिते. माझी चौथी झाली आहे. बोलतात तसंच लिही म्हणाले, म्हणून तसंच लिहिते.

म्या वैजापूरहून आलो तर माझ्या दारात खांब. खांबाला टहाळे, हळदकुंकू. म्या म्हणलं, हे कोणाचं लगीन हाये?

(कोणाचं लगीन ते ह्यांना ठाऊक होतं. आशासाठी वैजापूरहून साडी घेऊनच आले होते. उगीच म्हणाले. — द्वा.)

कडूबा काट्या होत्या तिथं उभा. सहा सालानं तोंड उघडलं. काय म्हणला असंल? म्हणला, "म्या केलं नाय, मास्तरच्या आकड्यानं केलं." म्या म्हणलं, "मोजून दाव." मंग कडुलिंबापासून मोजाया लागलो. दोरीचं एक टोक त्याच्याकडं, एक माझ्याकडं. म्या म्हणलं तू ढिली सोडतो, तो म्हणला तू लई वढतो. तीनदा मोजलं, तीनदा खांब माझ्याच अंगणात.

(चौथ्यांदा मोजलं तेव्हा दोघं हसत होते. हे लिहू नको म्हणाले. — द्वा.)

आता आयका. खांब म्या हलवत नाय, रीत मलाबी कळती. पण बोहलं माझ्या अंगणात हाये. म्हंजी आशाचं लगीन माझ्या दारात लागतंय. मंग अक्षत कोणी द्यायची? म्या. उद्या सकाळी हलगी लावून म्या कडूबाच्या दारी जाणार आन त्याला त्याच्या लेकीच्या लग्नाची अक्षत देणार. आला तर ठीक, नाय तर आमचं आमी बघू.

(अक्षता कालपासून रंगवून ठेवल्या आहेत. हळद जास्त झाली. पलीकडून मनकर्णाबाईंनी, म्हणजे तुमच्या आक्कांनी, विचारलं, हलगीवाल्यांचा चहा मी ठेवू का तू ठेवतेस. — द्वा.)

तुमचं कापड पुरलं नाय म्हणं. माझ्या बाजूला कापड नगं. उसाचं पाचट घालतो, बघा गारवा कुठं ऱ्हातो ते. तुमी लग्नाला या. तुमच्या आकड्याबद्दल मला समोर बोलायचं हाये.

(रागावतील असं वाटत नाही. तरी भाऊ, तुम्ही बायकांच्या बाजूनं आत या. — द्वा.)


औरंगाबाद,
१२ मे

ती. दाजींना सा. नमस्कार.

सुखरूप पोहोचलो. कपड्यांना अजून पाचटाचा वास येतो. निम्मे पांढरे कापड आणि निम्मे पाचट असा मांडव मी कधी पाहिला नव्हता, आणि सगळी माणसे पाचटाखाली, सिल्लोडचे व्याहीसुद्धा. फकिराअप्पा एकेकाला विचारत फिरत होता, "कसं हाये? गार हाये ना?" कापडाखाली हट्टाने घाम पुसत बसलेले तुम्ही एकटे होता. मला तो समोर बोलणार होता, तो बोलला. म्हणाला, "मास्तर, पुढच्या टायमाला तिप्पट करा, विहिरीपलीकडं जागा हाये."

मी आशाला बोहल्यावर घेऊन गेलो तेव्हा तिने आधी काकाकडे पाहिले. त्याने फेटा सारखा करायच्या निमित्ताने डोळे पुसले. माझ्या डोक्यावर फेटा नव्हता, मी तसेच पुसले.

आता मला एक विचारायचे आहे. गडबड ओसरल्यावर मी कडुलिंबाखाली टेकलो होतो. बुंध्यापासून विहिरीच्या बाजूला, साधारण अर्ध्या बांबूवर, जमिनीत एक खुंटी दिसली. माथा ठेचलेला, भोवती माती घट्ट बसलेली. मी उठलो आणि तिथून सरळ उगवतीकडे गेलो. आठ बांबूंच्या आसपास खुंटीचे भोक होते. विहिरीकडे गेलो, तिथेही भोक. हातभर इकडेतिकडे असेल, पण हे माझे खरे आकडे होते, दाजी, जे मी तुम्हाला मेढ रोवून झाल्यावर कळवले. आशाला विचारले. ती म्हणाली, "मामा, सिल्लोडचा निरोप आला त्याच संध्याकाळी अण्णांनी त्या खुंट्या ठोकल्या होत्या. तुमचं पत्र आल्यावर उपटल्या. एक फार रुतली होती, ती राहिली." आणि हसत पळाली.

म्हणजे मांडव तुमच्या अंगणात मावतो हे तुम्हाला आधीच ठाऊक होते. मग मला कशाला विचारलेत, आणि तो सगळा आठवडा मी इथे जागून काढला तो कशासाठी?

आपला,
बद्रीनाथ


बोरदरी,
२० मे

मास्तर, अनेक आशीर्वाद.

ती खुंटी कंडक्टरच्या हाती पाठवून देऊ का?

रागावू नका, खरं सांगतो. निरोप आला त्या संध्याकाळी मी मांडव चारी बाजूंना थोडा थोडा वाढवून बघितला. त्यात गणित नव्हतं, अंदाज होता. नीट मावला. खुंट्या ठोकून ओट्यावर येऊन बसलो, तर मला ते बघवेना. माझ्या लेकीचं लग्न, एवढा मोठा मांडव, आणि तो भावाच्या अंगणाला न शिवता मावला. म्हणून तुम्हाला विचारलं. वाटलं, शिकलेला माणूस आहे, काही वेगळं सांगेल.

तुम्ही वेगळं सांगितलं. मोजत मोजत निघालो आणि नऊ बांबूंवर काट्या आडव्या आल्या. तिथं उभा राहिलो. पुढं पाऊल टाकवेना आणि मागं फिरवेना. पुष्कळ वेळानं आशा घरातून आली. माझ्या हातातला कागद तिनं बघितला, आणि वाकून पहिली काटी तिनं काढली. मी म्हणालो, "अगं, हद्द हाये ती." ती म्हणाली, "अण्णा, मामानं लिहिलंय ना, बाकी काई बघू नका." मग दुसरी मी काढली. तुम्ही जागलात त्याचं वाईट वाटतं, पण स्वतःची अक्कल घालू नका असं तुम्हीच लिहिलं होतं.

मांडव उतरला. मेढ रीतीनं काढली. काट्या द्वारकाबाईंनी न्हाणीच्या चुलीत घातल्या, पाणी चांगलं तापतं म्हणतात. आशा परवा चार दिवसांसाठी येऊन गेली, दोन दिवस इकडं जेवली, दोन दिवस तिकडं.

नवीन भानगड एवढीच की पोळ्याला अजून अवकाश आहे तरी भांडण आत्ताच लागलं आहे. फकिरा म्हणतो, "मान थोरल्याचा, तुझा बैल पुढं." मी म्हणतो, "मागल्या टायमाला तुझा गेला होता, तुझाच जाऊ दे." तो ऐकत नाही, मी ऐकत नाही, काल तर तो माझ्या ओट्यावरून चहा न पिता उठून गेला. तेव्हा आमच्या वेशीचा एक कागद काढून पाठवा. दोन बैल एकदमच आत जातील एवढी ती रुंद करायची आहे. कुठून मोजायचं ते लिहू नका, ते आम्ही कडुलिंबापासून मोजू.

तुमचा,
कडूबा